जॉन मॅकग्रेगर

जॉन मॅकग्रेगर (२४ जानेवारी, इ.स. १८२५ – १६ जुलै, इ.स. १८९२) हे स्कॉटिश वंशाचे इंग्लंडमधील वकील, प्रवासी, लेखक आणि समाजसेवक होते. 'रॉब रॉय' असे नाव दिलेल्या एकट्या माणसाच्या लहान होडीतून त्यांनी युरोपातील नद्या, बाल्टिक समुद्राचा परिसर आणि पुढे ईजिप्त व पॅलेस्टाईन येथे प्रवास केले. या प्रवासांवर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकांमुळे कयाक किंवा कॅनो वल्हवणे हा सर्वसामान्यांचा छंद बनला. म्हणूनच त्यांना आधुनिक हौशी कयाकिंगचे जनक मानले जाते.

आज सहलीला निघालेला एखादा गट मोठ्या बोटीतून बेटापाशी जातो, तेथे उथळ पाण्यात स्नॉर्कलिंग करतो आणि बोटीवरून उतरवलेल्या कयाकमध्ये बसून किनाऱ्याभोवती फेरी मारतो. यांपैकी मोठ्या वाहनाने आपली छोटी होडी दूरवर न्यायची आणि हव्या त्या पाण्यात उतरवून स्वतः वल्हवायची, ही पद्धत रूढ करण्यात मॅकग्रेगर यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्यांची दुसरी ओळख मात्र आता मागे पडली आहे. लंडनच्या रस्त्यांवरील निराधार मुलांच्या शिक्षणासाठी आणि रोजगारासाठी त्यांनी चाळीस वर्षांच्या आसपास काम केले.

'रॉब रॉय' हे नाव

रॉब रॉय मॅकग्रेगर (१६७१–१७३४) हा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील एक बंडखोर वीर होता. सर वॉल्टर स्कॉट यांच्या इ.स. १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीमुळे त्याचे नाव घरोघरी पोहोचले होते. जॉन मॅकग्रेगर त्याच कुळातले. त्यांनी आपल्या होडीला हे नाव दिले आणि पुढे वाचकांनी तेच नाव खुद्द त्यांना चिकटवले. एकामागून एक बांधलेल्या त्यांच्या सर्व होड्यांचे नाव 'रॉब रॉय' हेच राहिले. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत एकाच होडीचे वर्णन आहे, असा समज अनेकदा होतो. तो बरोबर नाही.

जन्म आणि 'केंट' जहाजाची आग

मॅकग्रेगर यांचा जन्म टेम्स नदीच्या मुखाजवळील ग्रेव्हझंड या गावी झाला. वडील डंकन मॅकग्रेगर हे ब्रिटिश सैन्याच्या ३१व्या पायदळ पलटणीत मेजर होते. मुलाच्या जन्मानंतर काही दिवसांतच या पलटणीला हिंदुस्थानात जाण्याचा हुकूम आला. फेब्रुवारी १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील 'केंट' हे जहाज बंगाल आणि चीनकडे निघाले. त्यावर सैनिक, त्यांच्या बायका व मुले, इतर प्रवासी आणि खलाशी मिळून सहाशेंहून अधिक माणसे होती. मॅकग्रेगर कुटुंबही त्यांत होते.

१ मार्च रोजी बिस्केच्या उपसागरात जहाज वादळात सापडले. तळातील मालाची पाहणी करण्यासाठी एक अधिकारी दिवा घेऊन खाली गेला होता. तेथे मद्याचे एक पिंप जागचे सुटले होते. जहाजाला हेलकावा बसताच दिवा हातातून पडला, सांडलेल्या मद्याने पेट घेतला आणि आग पसरत गेली. जहाजावर दारूगोळ्याचा साठा होता. आग तेथवर पोहोचण्यास विलंब व्हावा म्हणून कप्तान हेन्री कॉब यांनी खालची दारे फोडून समुद्राचे पाणी आत घेण्याचा आदेश दिला. एका बाजूने जहाज जळत होते आणि दुसऱ्या बाजूने बुडत होते. या निर्णयामुळे मिळालेल्या काही तासांतच बहुतेकांचे प्राण वाचले.

सुटकेची आशा मावळल्यावर मेजर मॅकग्रेगर यांनी आपल्या वडिलांना उद्देशून चार ओळी लिहिल्या आणि तो कागद बाटलीत घालून ठेवला. तेवढ्यात मेक्सिकोकडे निघालेले 'कँब्रिया' नावाचे लहानसे जहाज दृष्टीस पडले. त्यावर कॉर्नवॉलमधील खाणकामगार प्रवास करीत होते. उसळत्या समुद्रात होड्यांच्या अनेक फेऱ्या झाल्या. पहिल्या होडीत स्त्रिया व मुलांना उतरवण्यात आले आणि त्यांत पाच आठवड्यांचा जॉनही होता. नंतरच्या फेऱ्यांत मात्र काही होड्यांतली मुले आईबापांच्या डोळ्यांदेखत बुडाली. मध्यरात्रीनंतर 'केंट'चा स्फोट झाला. ऐंशीच्या आसपास माणसे दगावली. बाकीची वाचली आणि 'कँब्रिया'ने त्यांना फॅल्मथ बंदरात आणले. बाटलीतला तो कागद दीड वर्षाहून अधिक काळाने वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्याला लागला. तोवर पत्र लिहिणारा आणि त्याचे कुटुंब सुखरूप असल्याचे साऱ्यांना ठाऊक झाले होते. या दुर्घटनेची हकिकत मेजर मॅकग्रेगर यांनी पुस्तकरूपाने लिहिली आणि ते पुस्तक पुढे अनेक वर्षे वाचले गेले.

या घटनेची आठवण अर्थातच जॉन यांना असणे शक्य नव्हते. पण ती ऐकतच ते वाढले. आपले आयुष्य परत मिळालेले आहे आणि ते कोणत्या तरी कामी लागले पाहिजे, ही घरातली धार्मिक शिकवण त्यांच्या मनात खोल रुजली. पुढे त्यांनी आपल्या पुस्तकांचे व व्याख्यानांचे उत्पन्न जीवरक्षक नौका चालवणाऱ्या संस्थेला आणि फुटलेल्या जहाजांवरील खलाशांच्या मदतकार्याला दिले, त्याची मुळे येथे सापडतात.

शिक्षण आणि वकिली

वडिलांच्या बदल्यांमुळे जॉन यांना अनेक शाळा बदलाव्या लागल्या. इ.स. १८३८ मध्ये वडील आयर्लंडच्या पोलीस दलाचे महानिरीक्षक झाले आणि कुटुंब डब्लिनला आले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात काही काळ शिकून जॉन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. इ.स. १८४७ मध्ये गणिताच्या परीक्षेत त्यांनी 'रँग्लर' ही श्रेणी ३४व्या क्रमांकाने मिळवली. रँग्लर परांजपे यांच्यामुळे हा शब्द मराठी वाचकांना परिचित आहे. परांजपे यांनी हीच परीक्षा १८९९ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली.

त्यानंतर मॅकग्रेगर यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि इ.स. १८५१ मध्ये ते बॅरिस्टर झाले. पेटंटचा कायदा हा त्यांचा विषय होता. जहाजे चालवण्याच्या यंत्रांवरील जुन्या पेटंटांचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. यंत्राची रचना नेमक्या शब्दांत कशी मांडावी, याची सवय त्यांना या कामातून लागली. त्यांच्या प्रवासवर्णनांत होडीची मापे, वजने आणि दोरांच्या गाठी इतक्या काटेकोरपणे आल्या आहेत, त्यामागे हा वकिली अभ्यास दिसतो. वकिलीवर उपजीविका अवलंबून नसल्यामुळे त्यांनी हळूहळू तिच्यातून लक्ष काढून घेतले आणि वेळ समाजकार्याला व प्रवासाला दिला.

निराधार मुलांसाठी कार्य

त्या काळच्या लंडनमध्ये अत्यंत गरीब मुलांसाठी 'रॅगेड स्कूल' या नावाच्या मोफत शाळा चालत. रॅगेड म्हणजे फाटक्या कपड्यांतील. ज्या मुलांना अंगावरील चिंध्यांमुळे इतर शाळांत कोणी बसू दिले नसते, अशांसाठी या शाळा होत्या. लॉर्ड शाफ्ट्सबरी हे या चळवळीचे अध्वर्यू होते. मॅकग्रेगर या शाळांतून शिकवू लागले आणि लवकरच चळवळीच्या प्रमुख कार्यकर्त्यांत गणले जाऊ लागले.

इ.स. १८५१ मध्ये लंडनमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरले. देशोदेशींचे लोक येणार, रस्त्यांतल्या चिखलाने त्यांचे बूट माखणार आणि ते पुसून देणारे कोणी तरी हवे असणार, हे मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी हेरले. रॅगेड स्कूलमधील मुलांना त्यांनी लाल गणवेश, ब्रश आणि पॉलिशची पेटी दिली आणि ठरावीक चौकांत बसवले. हीच 'शूब्लॅक ब्रिगेड' होय. तिच्या मिळकतीची विभागणी विचारपूर्वक ठरवलेली होती. दिवसाच्या कमाईतले पहिले सहा पेन्स मुलाचे. उरलेल्या रकमेचे तीन भाग करून एक मुलाला, एक त्याच्या नावे बचत खात्यात आणि एक संस्थेच्या खर्चासाठी. दयेवर न जगता मुलाने कमवावे, कमावताना शिकावे आणि हाती चार पैसे साठवून पुढच्या धंद्याला लागावे, अशी ही योजना होती. प्रदर्शन संपले तरी ब्रिगेड बंद पडली नाही; उलट तिचे अनुकरण इतर शहरांतही झाले.

बालमजुरीविषयी आज जी दृष्टी आहे तिने पाहता या योजनेवर आक्षेप घेता येईल. परंतु ज्या मुलांपुढे भीक, चोरी आणि तुरुंग हेच पर्याय होते, त्यांच्यासाठी ती पहिली पायरी होती, हे विसरून तिचे मूल्यमापन करणे योग्य ठरणार नाही.

'रॉब रॉय' होडीची रचना

मॅकग्रेगर यांना तरुणपणापासून भटकंतीची हौस होती. इ.स. १८४९–५० मध्ये त्यांनी युरोप, ईजिप्त आणि पॅलेस्टाईनचा प्रवास केला. पुढे रशिया आणि उत्तर आफ्रिका पाहिली. इ.स. १८५९ मध्ये ते कॅनडा व अमेरिकेत गेले आणि तेथे त्यांना मूळ रहिवाशांच्या होड्या पाहायला मिळाल्या.

मूळ रहिवाशांच्या होड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. झाडाची साल किंवा ओंडका वापरून केलेली, वरून उघडी आणि एका पात्याच्या वल्ह्याने चालणारी ती कॅनो. कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या इन्यूट, यूपिक आणि अल्यूट या लोकांची होडी. वाहत आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवतात. ती वरूनही बंद असते. बसणाऱ्याच्या कमरेएवढे भोक तेवढे उघडे राहते आणि वल्ह्याला बहुधा दोन्ही टोकांना पाती असतात. बर्फाळ समुद्रात सीलची शिकार करता करता पिढ्यानुपिढ्यांच्या अनुभवातून ही रचना सिद्ध झाली. मॅकग्रेगर यांची होडी तत्त्वतः कयाकच होती. ते स्वतः मात्र तिला कॅनो म्हणत. ब्रिटनमध्ये आजही दोन्ही प्रकारांना कॅनो म्हणण्याची प्रथा आहे, तिचे हे एक कारण.

पहिली 'रॉब रॉय' लंडनमधील लँबेथ येथील सर्ल यांच्या कारखान्यात इ.स. १८६५ मध्ये बांधली गेली. तिची लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, खोली ९ इंच आणि वजन ८० पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलोग्रॅम होते. कातड्याऐवजी ओकच्या फळ्या एकीवर एक चढवून बाजू केल्या होत्या आणि वरचे आच्छादन देवदाराचे होते. वल्हे ७ फुटांचे, दोन्ही टोकांना पाती असलेले. शिवाय लहानशी डोलकाठी आणि शीड. लांबीचे हे माप योगायोगाने आलेले नव्हते. होडी रेल्वेच्या सामानाच्या डब्यात मावावी, दोन माणसांना उचलता यावी, शेतातून ओढता यावी आणि बैलगाडीवर बांधता यावी, असा सगळा हिशेब त्यात होता.

बसण्याची दिशा हा आणखी एक महत्त्वाचा भेद. युरोपातील नेहमीची होडी वल्हवणारा माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. आपण कोठे चाललो आहोत हे पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागते. कयाकमध्ये तो समोर तोंड करून बसतो. वळणापलीकडे काय आहे हे पाहण्याची उत्सुकता, पुढचा खडक आधीच दिसणे, काठावरच्या माणसांशी नजरानजर होणे या सर्व गोष्टी त्यामुळे शक्य होतात. हौशी प्रवाशाला होडीची गोडी लागण्यास हा एवढासा फरक पुष्कळ कारणीभूत झाला, असे म्हणता येईल.

युरोपातील पहिला प्रवास

जुलै १८६५ अखेर मॅकग्रेगर टेम्स नदीतून निघाले. तीन महिन्यांच्या प्रवासासाठी त्यांच्याजवळ एक फूट लांबरुंद आणि सहा इंच जाड अशी एकच काळी पिशवी होती. खाडी ओलांडायला आगबोट, एका नदीतून दुसरीत जायला रेल्वे किंवा गाडी आणि उरलेला मार्ग वल्ह्यावर, अशा रीतीने त्यांनी साँब्र, म्यूज, ऱ्हाईन, माइन, डॅन्यूब, रॉइस, आरे, मोझेल, मार्न आणि सीन या नद्यांतून प्रवास केला. काँस्टन्स, झुरिक आणि लुसर्न ही सरोवरेही त्यांनी पाहिली. रात्रीचा मुक्काम बहुधा काठावरच्या खानावळीत असे. एकूण अंतर सुमारे १,००० मैल, म्हणजे १,६०० किलोमीटर झाले.

डॅन्यूबचा आरंभ होतो त्या डोनाउएशिंगेन गावी ते पोहोचले, तेव्हा तेथे गायनाचा उत्सव चालू होता आणि हा होडीवाला पाहुणाही उत्सवातला एक देखावा ठरला. तेथून पुढे नदीचा वेग, मध्येच येणारे खळाळ, गिरण्यांचे बांध आणि वाकलेल्या झाडांच्या फांद्या यांतून वाट काढावी लागली. बांध आला की खाली उतरायचे, होडी ओढत पलीकडे न्यायची आणि पुन्हा बसायचे. रॉइस नदीवर खळाळांत त्यांची चांगलीच कसोटी लागली. वाटेतील वर्तमानपत्रांतून बातमी पुढे पुढे पोहोचत राहिली आणि पुलांवर माणसे आधीच गर्दी करून उभी राहू लागली.

या प्रवासावरील 'अ थाउजंड माइल्स इन द रॉब रॉय कॅनो' हे पुस्तक इ.स. १८६६ मध्ये निघाले आणि लगेच त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या झाल्या. पुस्तकातील चित्रे मॅकग्रेगर यांच्याच रेखाटनांवरून केलेली होती. यशाचे कारण समजणे कठीण नाही. त्या काळातील प्रवासवर्णने बहुधा मोठ्या मोहिमांची, नोकरचाकर आणि बंदुका बरोबर घेऊन जाणाऱ्यांची असत. येथे एक मध्यमवयीन वकील स्वतःच्या दोन हातांनी, बेताच्या खर्चात, ओळखीच्या देशांतून फिरत होता. हे आपल्यालाही जमेल, असे वाचणाऱ्याला वाटले.

कॅनो क्लब

जुलै १८६६ मध्ये टेम्सकाठच्या रिचमंड येथील एका खानावळीत मॅकग्रेगर यांनी समविचारी मंडळींना एकत्र केले आणि 'कॅनो क्लब'ची स्थापना झाली. ते स्वतः क्लबचे कॅप्टन झाले. पुढच्याच वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे नंतरचे राजे सातवे एडवर्ड, यांनी कमोडोरपद स्वीकारले. इ.स. १८७३ मध्ये या संस्थेला 'रॉयल कॅनो क्लब' हे नाव मिळाले. ती आजही कार्यरत असून कॅनो-कयाकच्या जगातील सर्वांत जुनी संस्था समजली जाते.

एकट्याने केलेला प्रवास हा मॅकग्रेगर यांच्या लेखनाचा विषय होता. क्लबमुळे त्याला सामूहिक रूप आले. सदस्य आपापल्या होड्या घेऊन गटाने नदीसहली काढू लागले. काही शर्यतींत पाण्याबरोबर जमिनीवरूनही होडी ओढत न्यावी लागे. क्लबमधील वॉरिंग्टन बेडन-पॉवेल (स्काउट चळवळीच्या संस्थापकांचे थोरले बंधू) यांनी शिडाच्या कॅनोमध्ये मोठ्या सुधारणा केल्या. होडी स्वस्त नसल्याने प्रारंभीचे सदस्य सुखवस्तू घरांतलेच होते, हेही नमूद केले पाहिजे.

बाल्टिक, इंग्लिश खाडी आणि इतर प्रवास

इ.स. १८६६ मध्ये आधीपेक्षा लहान व हलकी होडी बांधून घेऊन मॅकग्रेगर नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कला गेले. स्वीडनची मोठी सरोवरे पार करून त्यांनी स्टॉकहोम गाठले. या प्रवासावरील 'द रॉब रॉय ऑन द बाल्टिक' हे पुस्तक दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाले.

पहिल्या पुस्तकाची कीर्ती फ्रान्सचे सम्राट तिसरे नेपोलियन यांच्यापर्यंत पोहोचली होती. इ.स. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने सीन नदीवर लहान होड्यांच्या शर्यती आयोजित झाल्या. त्यासाठी मॅकग्रेगर या वेळी कॅनोने न जाता २१ फुटी शिडाच्या नौकेतून एकटेच गेले. परतताना ल हाव्र बंदरातून निघून त्यांनी इंग्लिश खाडी एकट्याने पार केली. एकट्याने शिडाची नौका हाकण्याच्या छंदाला या प्रवासावरील पुस्तकाने चालना दिली. इ.स. १८७१ मध्ये ते हॉलंडच्या झाउडर झे या आखातात आणि फ्रिजियन किनाऱ्यावरील बेटांच्या परिसरात होडी घेऊन फिरले.

पॅलेस्टाईनचा प्रवास

इ.स. १८६८–६९ चा पूर्वेकडील प्रवास हा मॅकग्रेगर यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रवास होय. या होडीत रात्री झोपण्याची सोय केलेली होती. सुएझ कालव्याचे काम तेव्हा पूर्ण व्हायचे होते. नोव्हेंबर १८६९ मध्ये त्याचे उद्‍घाटन झाले. त्याआधीच मॅकग्रेगर यांची कॅनो त्या पाण्यातून तांबड्या समुद्रापर्यंत जाऊन आली. तेथून ते बैरुतला गेले. होडी घोड्याच्या पाठीवर बांधून लेबनॉनचा डोंगर ओलांडला आणि दमास्कसच्या नद्या पाहून ते जॉर्डन नदीच्या उगमाकडे वळले.

उगमाच्या खाली हुला नावाचे सरोवर होते आणि त्याच्या उत्तरेला पपायरसच्या दाट झाडीची विस्तीर्ण दलदल. जॉर्डनचा प्रवाह या झाडीतून नेमका कसा सरोवरात शिरतो, हे काठावरून दिसणे शक्य नव्हते. या भागातच तेथील अरब रहिवाशांनी मॅकग्रेगर यांना घेरले. ते होडीतून उतरेनात, तेव्हा लोकांनी होडी त्यांच्यासकट उचलली आणि शेखच्या तंबूपाशी नेली. तेथे बोलणी चालू असता मॅकग्रेगर यांनी आपल्या डबीतले बारीक मीठ पुढे केले आणि शेखने ते साखर समजून तोंडात टाकले. एकत्र मीठ खाल्ले म्हणजे पाहुण्याला इजा करायची नाही, हा तेथला रिवाज. खाल्ल्या मिठाला जागणे ही कल्पना आपल्याकडेही असल्याने मराठी वाचकाला या युक्तीची गंमत वेगळी सांगायला नको. अखेर त्यांची सुटका झाली. ही हकिकत आपल्यापर्यंत एकाच बाजूने पोहोचली आहे. एक परका माणूस कधी न पाहिलेल्या होडीत बसून आपल्या पाण्यात कशासाठी शिरला, असा प्रश्न त्या लोकांना पडला असल्यास त्यात नवल नाही.

पुढे मॅकग्रेगर यांनी दलदलीतील प्रवाहाचा माग काढला, पपायरसच्या पट्ट्याची मोजणी केली आणि नकाशा तयार केला. गालिली सरोवराच्या काठाकाठाने फिरताना स्वच्छ पाण्यातून तळाकडे पाहत ते जुन्या वस्त्यांचे अवशेष शोधत. 'द रॉब रॉय ऑन द जॉर्डन' या पुस्तकात (१८६९) हे सर्व आले आहे. इ.स. १९५० च्या दशकात इस्रायलने हुला सरोवर व दलदल यांतील पाणी काढून जमीन कोरडी केली. त्यामुळे पर्यावरणाची हानी झाल्याचे दिसून आल्यावर १९९० च्या दशकात काही भाग पुन्हा पाण्याखाली आणण्यात आला. नाहीशा झालेल्या त्या पाणथळीचे प्रत्यक्ष पाण्यावरून केलेले जुने वर्णन म्हणून या पुस्तकाला आज वेगळे मोल आले आहे.

योगायोग असा की इ.स. १८६९ मध्येच थॉमस कुक यांनी ईजिप्त आणि पॅलेस्टाईनची पहिली सामूहिक सहल नेली. पर्यटनाच्या दोन वाटा एकाच वर्षी त्याच प्रदेशातून गेल्या.

लंडन स्कूल बोर्ड

इ.स. १८७० च्या शिक्षण कायद्यान्वये इंग्लंडमध्ये लोकनियुक्त शाळा मंडळे स्थापन झाली. लंडनच्या पहिल्या मंडळावर मॅकग्रेगर ग्रिनिच भागातून निवडून आले आणि १८७३ मध्ये पुन्हा निवडले गेले. भटकणाऱ्या आणि गुन्हेगारीकडे वळू शकणाऱ्या मुलांसाठी ज्या औद्योगिक शाळा होत्या, त्यांच्या समितीचे ते अध्यक्ष होते. रॅगेड स्कूलमध्ये स्वयंसेवकांनी जे केले, ते आता करांच्या पैशातून आणि कायद्याच्या बळावर होऊ लागले. प्रसिद्धीच्या शिखरावर असताना त्यांनी प्रवास बाजूला ठेवून समितीच्या बैठकांना वेळ दिला. त्यांच्या चरित्रातील हा भाग प्रवासवर्णनांइतका वाचनीय नाही, महत्त्वाने मात्र उणा नाही.

धार्मिक मते

मॅकग्रेगर कट्टर प्रोटेस्टंट होते. रस्त्यांवर व चौकांत धर्मोपदेश करणाऱ्या 'ओपन-एअर मिशन' या संस्थेच्या स्थापनेत (१८५३) ते अग्रभागी होते. प्रवासातही ते धार्मिक पत्रके बरोबर ठेवत आणि भेटेल त्याला देत. कॅथलिक पंथाविषयी त्यांची मते कडवट होती. पूर्वेकडील लोकांविषयी लिहिताना त्या काळच्या सुशिक्षित इंग्रजाचा अहंभाव त्यांच्या लेखणीत पुष्कळदा उतरतो. त्यांची पुस्तके वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

अखेरची वर्षे

डिसेंबर १८७३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, मॅकग्रेगर यांनी अ‍ॅडमिरल सर क्रॉफर्ड कॅफिन यांच्या कन्या अ‍ॅनी यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. व्यासपीठावर प्रत्यक्ष होडी ठेवून आणि प्रवासातला पोशाख करून ते व्याख्याने देत. त्यांना मोठी गर्दी होई आणि उत्पन्न धर्मादाय कामांना जाई. प्रकृती ढासळल्यानंतर ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथजवळील बॉस्कोम येथे राहू लागले. १६ जुलै १८९२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. एडविन हॉडर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले.

प्रभाव

मॅकग्रेगर यांची पुस्तके वाचून होडी घेतलेल्यांत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचा समावेश होतो. त्यांनी १८७६ मध्ये एका मित्रासह बेल्जियम व फ्रान्समधील जलमार्गांवरून कॅनोने प्रवास केला आणि त्यावर 'अ‍ॅन इनलँड व्हॉयेज' (१८७८) हे पुस्तक लिहिले. अमेरिकेत १८७१ मध्ये न्यूयॉर्क कॅनो क्लब आणि १८८० मध्ये अमेरिकन कॅनो असोसिएशन स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत घडी करून पिशवीत घालता येणारी कयाक आली आणि होडी रेल्वेने नेण्याची मॅकग्रेगर यांची कल्पना आणखी सोपी झाली. इ.स. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून कॅनो आणि कयाक यांच्या शर्यती ऑलिंपिकचा भाग आहेत.

प्लॅस्टिकच्या कयाक आल्यावर लाकूडकामाचा खर्च गेला. वरून उघड्या, उलटल्या तरी पाण्याने न भरणाऱ्या कयाकमुळे पोहण्यात फारसा सराव नसलेल्यांनाही जीवरक्षक जाकीट घालून आणि वाटाड्याबरोबर बेटाच्या काठाने फिरता येऊ लागले. तारकर्लीजवळ कर्ली नदीच्या शांत पाण्यात पर्यटक चालवतात त्या कयाक याच जातीच्या. वल्हे मात्र तेच, दोन्ही टोकांना पाती असलेले, आणि बसायचेही तसेच, समोर तोंड करून. या दोन्ही गोष्टी मॅकग्रेगर यांनी शोधलेल्या नाहीत. त्या ध्रुवप्रदेशातील शिकाऱ्यांच्या आहेत. अल्यूशियन बेटांवर अठराव्या शतकात रशियन व्यापाऱ्यांनी याच कयाकस्वारांना वेठीस धरून समुद्री ऊदमांजरांची शिकार करायला लावले आणि त्यांत त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. कयाकिंगच्या इतिहासावरील पूर्वीच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांचा आरंभ इ.स. १८६५ पासून होत असे. अलीकडच्या काळात ग्रीनलंड आणि अलास्कातील लोकांनी कातडी कयाक बांधण्याची परंपरागत विद्या पुन्हा शिकवायला सुरुवात केली असून आपल्या पूर्वजांचा वाटा त्या इतिहासात नोंदवून घेतला आहे.